मराठी अग्रलेख : छापखाना, वर्गणी आणि राजद्रोहाचे कलम

अग्रलेख म्हणजे वर्तमानपत्राने स्वतःचे म्हणून मांडलेले मत. त्याखाली लेखकाची सही नसते. लिहिणारा ‘आम्ही’ म्हणतो आणि तो ‘आम्ही’ पत्राचा असतो. सरकारने बसवलेला नवा कर असो, गिरणीतला संप असो की नदीवर उभे राहणारे धरण, चालू घडामोडींवर ठाम बाजू घेऊन लिहिण्याची ही रीत मराठीत एकोणिसाव्या शतकात रुजली. देवनागरी खिळ्यांचा छापखाना आणि वर्गणीदारांचा पैसा हे तिचे दोन आधार होते आणि सरकारचा कायदा हा तिच्यावरचा कायमचा धाक. कोणत्या काळात अग्रलेख किती निर्भीड होता, हे संपादकाच्या स्वभावावर जेवढे ठरले तेवढेच छापखाना कोणाचा आणि खर्च कोण भागवतो, यावरही ठरत आले.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. आधी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक झाले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी, अशी त्याची मांडणी होती. राज्यकर्त्यांना देशी लोकांचे म्हणणे कळावे आणि देशी लोकांना पश्चिमेकडची विद्या कळावी, हा तिच्यामागचा हेतू. सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याहून आलेले जांभेकर तेव्हा विशीचे होते. ‘दर्पण’मध्ये मत होते, पण ते शिक्षकाचे मत होते: समजावून सांगणारे आणि आवाज न चढवणारे. विधवांची स्थिती किंवा शिक्षणाचा प्रसार अशा विषयांवर ते वाचकाला विचार करायला लावत असे. सरकारशी झगडा मात्र त्याच्या कक्षेत नव्हता. १८४० मध्ये ते बंद पडले. पुढे सहाच वर्षांत, ऐन उमेदीत, जांभेकर गेले.

पत्र काढण्याची खरी अडचण तेव्हा खिळ्यांची होती. रोमन लिपीला मोजकी अक्षरे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली की खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. म्हणून सुरुवातीचा पुष्कळसा मराठी मजकूर शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर उलटा उतरवून छापला जाई. गणपत कृष्णाजी यांनी याच रीतीने १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले आणि मग खिळे पाडण्याकडे मोर्चा वळवला. साठच्या दशकात जावजी दादाजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना घातला. त्यातून उभ्या राहिलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षराला देशभर मान मिळाला. या कारागिरांचा उल्लेख वृत्तपत्रांच्या इतिहासात नेहमी ओझरता येतो. तो अन्याय आहे. संपादकाने रात्री लिहिलेला लेख सकाळपर्यंत उभा करायचा, तर पेटीतून खिळा न् खिळा उचलून ओळ जुळवणारा जुळारी हवा. खिळे थोडे असत, म्हणून एक पान छापून ते मोडायचे आणि तेच खिळे पुढच्या पानाला लावायचे. साप्ताहिकाचा आठवडा अशा कामात जाई. मराठी पत्रे दीर्घकाळ साप्ताहिकेच राहिली, त्यात या कष्टाचाही वाटा होता. या साप्ताहिक चालीमुळे अग्रलेखाला सवड मिळाली आणि तो बातमीच्या मागे न धावता बातमीचा अर्थ लावू लागला.

गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ने १८४१ पासून टीकेची धार वाढवली. याच पत्रात १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या सहीने १०८ पत्रे आली. पुढे ती शतपत्रे म्हणून ओळखली गेली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, म्हणून टोपणनाव. त्यांनी ब्राह्मणांच्या पोकळ पांडित्यावर प्रहार केला, स्त्रियांच्या हालांवर लिहिले, आणि व्यापार का बुडाला व परदेशी माल का घेऊ नये, हेही सांगितले. राजकारण, अर्थकारण आणि समाजसुधारणा एकाच लेखणीतून, थोड्या जागेत, साध्या मराठीत उतरण्याची ही मराठीतली पहिली मोठी उदाहरणे. त्याआधी १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या अर्थाच्या सहीने कंपनी सरकारच्या लुटीवर जळजळीत पत्रे लिहिली होती, पण ती इंग्रजीत. लोकहितवादींची पत्रे मराठीत होती आणि त्यांच्या टीकेचा रोख स्वजनांवर होता. ही दुसरी गोष्ट अधिक अवघड. परक्या राजावर लिहिणाऱ्याला समाज पाठीशी घालतो, स्वतःच्या जातीवर लिहिणाऱ्याला तो वाळीत टाकतो.

या काळात कायदा सैल-घट्ट होत राहिला. १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर-जनरल मेटकाफ यांनी छपाईवरची परवान्याची अट काढली. १८५७ च्या उठावात ती वर्षभरासाठी परत आली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे सक्तीचे केले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात येणारी ती ओळ याच कायद्याची देणगी. अग्रलेखाखाली नाव नसले तरी शिक्षा कोणाला द्यायची, हे सरकारला त्या ओळीवरून कळे. १८७० मध्ये दंडसंहितेत १२४-अ हे राजद्रोहाचे कलम घातले गेले. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा, जाचक कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत तो रद्द झाला, पण १८६७ आणि १८७० ची दोन पाती तशीच राहिली.

‘दर्पण’च्या पिढीचा शांत स्वर १८६२ मध्ये निघालेल्या ‘इंदुप्रकाश’ने पुढे नेला. विष्णुशास्त्री पंडितांनी त्यातून विधवाविवाहाची बाजू लढवली. हा स्वर मोडला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ पासून त्यांच्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. ते वर्तमानपत्र नव्हते, तरी मराठी अग्रलेखाची भाषा तिथे घडली: लांब, घोटीव, लयदार वाक्ये, प्रतिपक्षाची खिल्ली, स्वभाषेचा उघड अभिमान. त्या भाषेचे ऋण मोठे आहे आणि तिचा दोषही लहान नाही. जोतीराव फुल्यांसारख्या माणसाचे म्हणणे तोलून पाहण्याऐवजी चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. मत मांडणाऱ्याची जात आणि भाषा पाहून मताची किंमत ठरवण्याचा हा प्रघात मराठी पत्रसृष्टीत पुढे फार दिवस टिकला.

चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली, १८८० च्या पहिल्या दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले आणि आर्यभूषण छापखाना उभारला. त्या छापखान्यातून जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ निघाले. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर, ‘मराठा’ बाळ गंगाधर टिळकांकडे. स्वतःचा छापखाना असणे ही या मंडळींची सर्वांत शहाणपणाची गोष्ट. मजकूर छापायला कोणाच्या दारी जावे लागत नव्हते आणि कोणी भीतीने खिळे मोडून टाकण्याचाही प्रश्न नव्हता.

पहिला फटका वर्षभरातच बसला. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातम्या देताना दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. आधार म्हणून मिळालेली पत्रे बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या प्रकरणातली एक गोष्ट विसरू नये अशी आहे. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला, आणि सुटकेनंतर फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या मंडळींनी दोघांचा सत्कार केला. ज्यांची टर ‘निबंधमाले’ने उडवली होती, तेच लोक ‘केसरी’च्या संपादकांसाठी उभे राहिले.

आगरकर आणि टिळक यांचे पुढे जमले नाही. सरकारशी लढताना समाजाचे दोष उघडे करावेत की नाहीत, हा वादाचा मुद्दा. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूसाठी गोपाळ कृष्ण गोखले होते. मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या १८९१ च्या विधेयकावर ‘केसरी’ने लिहिले की परक्या सरकारने धर्मात हात घालू नये. ‘सुधारक’ने लिहिले की मुलींचा जीव धर्मापेक्षा आधी. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. त्यांच्या लेखांत तर्काची साखळी असते, भावनेला हात घालणे क्वचित. वाचणाऱ्याला राग आला तरी उत्तर सापडत नाही, ही त्यांची ताकद. १८९५ मध्ये ते अकाली वारले. मराठी अग्रलेखाच्या इतिहासात सर्वांत थोडी वर्षे मिळालेला आणि सर्वांत कमी जुना झालेला लेखक म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागते.

हे सारे वाद वाचणारा वर्ग थोडा होता. मुंबईत मात्र याच काळात वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्यांनी हजारो माणसांचे आयुष्य बदलून टाकले होते. पहाट फुटायच्या आत भोंगा होई आणि दिवस मावळेपर्यंत माणसे, बायका आणि पोरे साच्यांपाशी उभी असत. १८८१ चा पहिला कारखाना कायदा लहान मुलांपुरता होता: सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवू नये. बहुतेक राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी या कायद्यावर टीका केली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या स्वस्त कापडाची भीती आहे, म्हणून मजुरांच्या कळवळ्याचे सोंग आणून ते देशी धंदा अडवत आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य होते. लँकेशायरचा दबाव खराच होता. पण सात वर्षांच्या पोराची पाठ त्या युक्तिवादाने सरळ होत नव्हती. आगरकरांच्या प्रभावाखाली असताना ‘मराठा’ने मजुरांची बाजू घेतली, तो ठळक अपवाद.

मजुराच्या बाजूचा अग्रलेख आला तो ‘दीनबंधु’तून. सत्यशोधक चळवळीचे हे पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढले. पदरमोड करून त्यांनी ते काही वर्षे चालवले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. लोखंडे यांनी गिरणीत नोकरी केली होती. साच्याची धूळ, मुकादमाची लाच, महिनोन् महिने अडकलेला पगार त्यांना जवळून ठाऊक होता. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पंधरा तारखेच्या आत पगार आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला भरपाई, अशा मागण्या त्यात होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. मुंबईच्या कामगाराचा रविवार अशा रीतीने एका गरीब पत्राच्या संपादकाने मिळवून दिला. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. पुढे ‘दीनबंधु’ची धुरा वासुदेवराव बिर्जे यांनी आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी वाहिली. संपादकपदी बसलेल्या मराठी स्त्रियांमध्ये तानूबाईंचे नाव पहिल्याने घेतले जाते.

टिळकांनी १८९१ च्या सुमारास ‘केसरी’ आणि ‘मराठा’ कर्जासकट आपल्याकडे घेतले आणि अग्रलेखाचे स्वरूपच बदलले. चिपळूणकरांचा घोटीवपणा त्यांनी बाजूला ठेवला. वाक्य सरळ, मुद्दा एकच, तो तीन-चार बाजूंनी पटवून दिलेला. गावोगाव एक अंक येई आणि चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर एकजण वाची, बाकीचे ऐकत. टिळकांचे गद्य या ऐकण्याला बसणारे आहे. १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली, तेव्हा ‘केसरी’ने परदेशी कापड वापरू नका असे सांगितले. त्याच वर्षी दुष्काळ पडला. सरकारच्याच दुष्काळ नियमावलीत सारा सोडण्याची तरतूद होती, पण ती शेतकऱ्याला माहीत नव्हती. सार्वजनिक सभेने ती मराठीत छापून वाटली आणि ‘केसरी’ने समजावून सांगितली. जनावरे-भांडी विकून सारा भरू नका, हा त्या लेखांचा सांगावा. कायदा कायद्याच्याच शब्दांत सरकारपुढे धरण्याचे हे तंत्र अधिकाऱ्यांना शिव्यांपेक्षा जड गेले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, घरझडत्या झाल्या आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैमध्ये ‘केसरी’ने सरकारच्या सूडबुद्धीवर कडक अग्रलेख लिहिले. खटला भरला गेला तो मात्र १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाच्या कलमातील अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा. सहा युरोपीय ज्युरींनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्युरींनी निर्दोष, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर लिहिलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन अग्रलेखांवरून दुसरा खटला झाला. बाँबचे समर्थन त्यांत नव्हते. सरकारी जुलमातून बाँब जन्मतो, हे निदान होते. या वेळी ज्युरी सात विरुद्ध दोन अशी फुटली. २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला. अकरा वर्षांपूर्वी याच दावरांनी वकील म्हणून टिळकांचा जामीन मिळवला होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षा ऐकल्यावर टिळकांनी उच्चारलेले शब्द त्याच न्यायालयाच्या भिंतीवर १९५६ मध्ये संगमरवरात कोरून लावण्यात आले.

कायद्याने लेखकांना तुरुंगात घातले आणि मराठी गद्यालाही वळण दिले. शिवराम महादेव परांजप्यांचा ‘काळ’ १८९८ मध्ये निघाला. परांजपे व्याजोक्तीचे राजे: सरकारची स्तुती करताहेत असे दिसावे आणि वाचकाला नेमके उलटे कळावे, अशी त्यांची रचना. पुराणकथा, रूपक, परदेशाच्या इतिहासातला दाखला यांच्या आडून ते इंग्रजी राज्यावर बोलत. फिर्यादी पक्षाला हे गद्य भाषांतरित करणे कठीण जाई, कारण शब्दांत काहीच सापडत नसे. तरी १९०८ मध्ये त्यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या कायद्याने सरकारला पत्रांकडून जामिनाची रक्कम मागण्याचा अधिकार दिला. ती मागणी आली आणि ‘काळ’ बंद पडला. तुरुंगाला न डगमगलेली कित्येक पत्रे या पैशाच्या कलमाने संपली. हा इतिहास सांगताना खटल्यांचे वर्णन भरभरून होते आणि जामिनाच्या रकमेचे थोडक्यात, पण पत्रे मारण्याचे काम त्या रकमेने अधिक केले.

तंत्रज्ञान, भांडवल आणि राजकारण एकाच प्रश्नात गुंतले ते मुळशीला. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यास्ताच्या पलीकडे लांबला. ती वीज स्वस्तात मिळावी म्हणून टाटांनी सह्याद्रीतल्या पाण्यावर वीजघरे बांधायला घेतली. खोपोलीचे १९१५ मध्ये सुरू झाले. पुढच्या योजनेत मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे ठरले आणि सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. सरकारने कंपनीसाठी जमीन सक्तीने घेतली. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. मराठी पत्रांपुढे पेच होता. टाटा म्हणजे स्वदेशी उद्योग, ज्याच्यासाठी ‘केसरी’ने पंचवीस वर्षे लेखणी झिजवली होती. तरीही ‘केसरी’चे न. चिं. केळकर आणि ‘काळ’कर्ते परांजपे शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि परांजप्यांनी त्यापायी पुन्हा तुरुंगवास भोगला. पण खोऱ्यातल्या जमिनीवर पुण्याच्या सावकारांचे कर्ज होते, त्यांना मोबदला हवा होता, आणि आंदोलन आतून फुटले. धरण झाले, भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये चालू झाले. देशी भांडवल आणि देशी शेतकरी समोरासमोर आले तर कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न मराठी अग्रलेखाला पहिल्यांदा एवढ्या उघडपणे मुळशीत विचारला गेला. त्याने दिलेले उत्तर योग्य होते.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पैसे भरूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला, ही नोंद आंबेडकरांनी पुढे करून ठेवली. राजद्रोहाच्या कलमाशी झुंजलेल्या पत्राने आपल्याच समाजातल्या एका आवाजाला पैसे मिळत असतानाही जागा दिली नाही, हा ‘केसरी’च्या चरित्रातला कायमचा डाग आहे. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये थांबला. महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. मदतनीस ठेवायला पैसे नव्हते, म्हणून स्तंभामागून स्तंभ आंबेडकर स्वतः लिहीत. त्या लेखांत वकिलाची बांधणी आहे, संतवाङ्मयाचे संस्कार आहेत आणि अर्थशास्त्रज्ञाची आकड्यांवरची पकड आहे. तिथला ‘आम्ही’ पत्राच्या मालकापुरता उरत नाही, तो लक्षावधी माणसांचा होतो. १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’, अशी ती परंपरा पुढे गेली. नगर जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चक्क खेड्यातून चालवला. सावकारी, भिक्षुकशाही आणि शेतसारा यांवर त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ लिहिले. पुण्यामुंबईबाहेरही अग्रलेख होऊ शकतो, याचा तो पुरावा.

अग्रलेखाचे राज्य ओसरू लागले ते १९३२ पासून. त्या वर्षीच्या पहिल्या दिवशी नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी बातमीला पहिला मान दिला. गावागावांत बातमीदार नेमले. नळाचे पाणी, बाजारभाव, शाळांचे निकाल यांना जागा दिली. वाचक मतासाठी एका पत्राशी बांधलेला राहिला नाही. पत्राचा खर्चही वर्गणीकडून जाहिरातींकडे सरकू लागला. स्वातंत्र्यानंतर निघालेली ‘लोकसत्ता’ (१९४८) आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ (१९६२) ही पत्रे मोठ्या इंग्रजी वृत्तसमूहांची होती. संपादक आणि छापखान्याचा मालक यांचे जुने ऐक्य तिथे संपले. त्यातही संपादकांनी आपली जागा राखली: १९६८ पासून जवळपास तीन दशके गोविंद तळवलकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या अग्रलेखातून जगाचे राजकारण आणि ग्रंथव्यवहार मराठी वाचकाच्या घरात आणला. जुन्या लढाऊ रीतीचा शेवटचा मोठा आविष्कार आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’चा. नोव्हेंबर १९५६ मध्ये निघालेल्या या दैनिकाने संयुक्त महाराष्ट्राचा लढा १ मे १९६० रोजी राज्य स्थापन होईपर्यंत पेटता ठेवला. अत्र्यांची भाषा अनेकदा सुटली, माणसांवर घसरली. तरी छापखाना, लेखणी आणि लढा एका माणसाच्या हाती असल्यावर अग्रलेख काय करू शकतो, ते त्या चार वर्षांनी दाखवले.

राजद्रोहाचे कलम स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, मात्र हिंसेला चिथावणी असेल तरच गुन्हा, अशी मर्यादा घातली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तो दखलपात्र गुन्हा केला, म्हणजे वॉरंटाशिवाय अटक शक्य झाली. इंग्रजांच्या काळात ही सोय पोलिसांना नव्हती. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावा लागू लागला.

खिळ्यांच्या पेट्या यानंतरच्या दशकांत गेल्या. फोटोटाइपसेटिंग आले, मग संगणक. पुण्यातच तयार झालेल्या देवनागरी फाँट्सनी ज्या जोडाक्षरांसाठी जुळाऱ्याला शेकडो खाने धुंडाळावे लागत, ती दोन-तीन कळांवर आणली. मत छापणे स्वस्त झाले, पण कागद, वितरण आणि जाहिराती यांचा व्यवहार मोठ्या भांडवलाशिवाय अशक्य झाला. एकविसाव्या शतकात मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि सकाळच्या अग्रलेखाआधी आदल्या रात्रीची चर्चा लोकांच्या कानावर पडू लागली. मार्च २०१६ मध्ये ‘लोकसत्ता’ने मदर तेरेसा यांच्या संतपदावरचा आपला अग्रलेख दुसऱ्याच दिवशी मागे घेतला आणि पहिल्या पानावर दिलगिरी छापली. कोणत्याही न्यायालयाने तसे सांगितले नव्हते. अग्रलेख पटण्यासारखा होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा. पत्राने उच्चारलेला ‘आम्ही’ एका दिवसात मागे घेता येतो, हे वाचकांना त्या दिवशी दिसले.

ज्या दोन कायद्यांच्या सावलीत मराठी अग्रलेख वाढला, ते दोन्ही एकाच वर्षी पुस्तकातून गेले. १८६७ च्या छपाई आणि नोंदणी कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीच्या नव्या कायद्याने घेतली. १२४-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले होते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंडसंहितेबरोबर तेही गेले. नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. तिच्या १५२ व्या कलमात देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना, त्यांत लिहिलेल्या आणि बोललेल्या शब्दांनाही, जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे. टिळकांना झालेली शिक्षा सहा वर्षांची होती.